न कापलेला अंक

मुस्यूंनी काडी ओढली तसा बाईंनी त्यांचा हात धरला.

मुस्यू, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘साहेब’, हे गल्लीनं ठेवलेलं नाव. जुन्या फ्रेंच वाङ्मयीन मासिकांचे पहिले अंक जमवण्यात गृहस्थानं हयात घालवली. फ्रेंच म्हणाल तर ‘मेर्सी’च्या, म्हणजे ‘आभारी आहे’च्या, पुढे गाडी नाही. फ्रेंच यायचं बायकोला. ती शाळेत शिकवायची ते, म्हणून सगळ्या गल्लीच्या बाई.

कपाटात, काचेआड, मुस्यूंचा जीव होता. एका अल्पायुषी मासिकाचा पहिला अंक, तोही पानं न कापलेला. त्या काळी छापलेला कागद घडी घालून तसाच शिवत. ज्याला वाचायचंय त्यानं सुरीनं कडा कापून घ्यायच्या. कडा कापली की संग्राहकाच्या लेखी अंक बाटला. त्यातली एक कथा बाईंना वाचायची होती; ती पुन्हा कुठे छापलीच गेली नाही. बाईंनी तो अंक नव्या नवरीच्या लाडानं मागून पाहिला, मग रुसून, मग निवृत्तीची भेट म्हणून. मुस्यू काच पुसत आणि विषय बदलत.

आज दलालानं दुसरी प्रत आणली होती. कडा कापलेल्या, समासात कुणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणा, मधे चहाचा डाग. जगात या दोनच, असं तो छातीवर हात ठेवून सांगून गेला. म्हणजे ही राखेत गेली की मुस्यूंची एकुलती एक.

‘आजची रात्र द्या मला,’ बाई म्हणाल्या. ‘वाचते, सकाळी मीच जाळते.’

ही लपवून ठेवणार, मुस्यूंना वाटलं. त्यांनी हात सोडवून घेतला. जुनाच कागद तो, कुरकुर न करता जळाला. राख त्यांनी मोरीत लोटली, वर तांब्याभर पाणी ओतलं.

परत येतात तर कपाट उघडं. बाई टेबलाशी बसून भाजीच्या सुरीनं शेवटची कडा कापत होत्या. बाईंनी एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मग भराभर उलटत सुटल्या आणि हसायला लागल्या. ते हसू ऐकवत नव्हतं.

त्यांनी अंक नवऱ्यापुढे सरकवला. बाहेरून दिसतील तेवढीच पानं छापलेली होती. घडीच्या आत सगळं कोरं.

‘नक्कल करणाऱ्यानं तुमच्यासारख्यांना बरोबर ओळखलं,’ बाई म्हणाल्या. ‘खरा अंक एकच होता हो. आत्ता तुम्ही जाळलात तो.’