जिन्यातला उजेड

दिवस मावळला तसा बसड्रायव्हर उठला आणि घरातले दिवे एकेक करून मालवत गेला. स्वयंपाकघरातला शेवटी, कारण बायको अजून ओटा पुसत होती.

"झालं का तुझं?"

"होतंय. मालवा तुम्ही. हाताला सगळं ठाऊक आहे."

महिनाभर हेच चाललं होतं. त्याआधी कित्येक रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि एका सकाळी तो लागला तो भरलेली बस चालवताना. बस दुभाजकाला घासून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. झोपेच्या गोळ्या खाऊन स्टिअरिंगवर बसता येणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "सूर्य मावळल्यावर घरात विजेचा दिवा नको, टीव्ही नको, मोबाइल नको. करून तर बघा."

बायको दिवसभर कारखान्याच्या कँटीनमध्ये राबायची आणि संध्याकाळी शाळेच्या शर्टांना काजं-बटणं करायची. ती शर्टांचं गाठोडं घेऊन जिन्यात बसू लागली.

"तिथली ट्यूब सगळ्या बिल्डिंगची आहे," ती म्हणाली. "तिथे तुमच्या डॉक्टरांचं काही चालायचं नाही."

तो हसला होता. मग हळूहळू त्याला खरंच झोप येऊ लागली. इतकी की ती काम आटोपून आत कधी येते हेही कळेनासं झालं. "बघ, गुण आला की नाही?" तो सकाळी म्हणायचा. ती मान हलवायची आणि त्याचा डबा भरायची.

आज पडल्या पडल्या त्याच्या घशाला कोरड पडली. अंधारात चाचपडताना तांब्या हातातून निसटला आणि ठणठणत मोरीपर्यंत गेला. आता ती दारातून ओरडेल, "काय पाडलंत?" म्हणून तो थांबला. बाहेरून हाक आली नाही. त्याने जाऊन दार उघडलं.

ट्यूबच्या पांढऱ्या झोतात ती पायरीवर बसली होती. डोकं कठड्याला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. मांडीवर शर्ट, चिमटीत सुई, सुईत दोरा. गाढ झोपली होती.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका खालून येत होत्या. एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या चपला. त्याला पाहून त्यांनी पिशवीवाल्या हातानेच खूण केली.

"उठवू नका हो," त्या कुजबुजल्या. "आत्ता कुठे डोळा लागला असेल."

"रोज अशी...?"

"रोजच. बटण लावता लावता मान कलते बिचारीची. आम्ही सगळे चपला काढूनच जातो इथून. पोरांनाही दम दिलाय, जिन्यात धावायचं नाही म्हणून."

त्या भिंतीकडून अंग चोरून तिच्या बाजूने वर चढल्या. वळणावर थांबून त्यांनी मायेनं विचारलं, "तुमची झोप कशी आहे आता?"

"बरी आहे," तो म्हणाला.

त्या गेल्यावर तो तिच्या शेजारी पायरीवर टेकला. तिच्या चिमटीतली सुई सावकाश सोडवून घेतली आणि शर्टाच्या कॉलरमध्ये खोचून ठेवली. झोत सरळ तिच्या तोंडावर पडत होता. डोळ्यांखाली काळं धरलं होतं, ते त्याला पहिल्यांदाच दिसलं. त्याने तिच्या डोळ्यांवर तळहाताचा आडोसा धरला.

ती हलली. डोळे न उघडताच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "उजाडलं का हो?"

त्याने डोक्यावरच्या लख्ख ट्यूबकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "अंधारच आहे अजून. झोप तू."