दुसऱ्या अंकातलं जेवण

ताटात भात वाढला गेला, वाफ वर आली, आणि थोरलीने चमचा उचलायचा सोडून खिशात हात घातला.

विंगेतला प्रॉम्प्टर दचकला. संहितेत असं काही नव्हतं. त्याने एक पान मागे उलटलं, मग दोन पुढे. तोवर थोरलीने इन्सुलिनचं पेन काढून टोपण ताटाशेजारी ठेवलं होतं आणि ती सुई बसवत होती. समोर थिएटर खच्चून भरलेलं.

थोरली म्हणजे नाटकातली मोठी मुलगी. दुसऱ्या अंकात अख्खं घर जेवायला बसतं, आणि दिग्दर्शकाचा हट्ट असा की जेवण खरं हवं, गरम हवं आणि पोटभर हवं. खोटं चावलेलं म्हणे शेवटच्या रांगेतूनही कळतं. थोरलीला लहानपणापासून डायबेटिस. जेवणाआधी इन्सुलिन घ्यावंच लागतं, मग जेवण घरी असो, तालमीच्या डब्याचं असो की रंगमंचावरचं.

तालमीच्या पहिल्याच दिवशी डब्याच्या वेळी तिने नेहमीसारखं पेन काढलं, तेव्हा नाना ताडकन उठले होते. नाना म्हणजे नाटकातले बाबा, आणि जाहिरातीत सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापलेले.

"सुई बघितली की मला घास उतरत नाही. बाथरूम आहे ना तिकडे?"

बाकीच्यांनी आपापल्या डब्यात डोकं घातलं. दिग्दर्शकाने तिला बाजूला घेतलं. "समजून घे गं. तिकिटं त्यांच्या नावावर खपतात. थोरली काय, दुसरीही मिळेल." हे त्याने हसत हसत सांगितलं, म्हणून ते जास्तच लागलं.

मग ती बाथरूममध्ये जाऊ लागली. ओली फरशी, टेकायला जागा नाही, आणि बाहेरून कुणीतरी दार ठोकतंय. प्रयोग सुरू झाले तरी तेच. चिडचिड व्हायची, लाजही वाटायची, आणि लाज वाटते याची आणखी चीड यायची. पण भूमिका हवी होती.

नानांना मात्र टाळ्यांचं भारी वेड. जेवणाच्या प्रवेशाआधी त्यांचं मोठं स्वगत आहे. प्रेक्षक रंगले की नाना ते ताणणार म्हणजे ताणणारच. मागच्या प्रयोगाला त्यांनी इतकं ताणलं, की बाथरूममधून इन्सुलिन घेऊन आलेली थोरली विंगेत भाताची वाट बघत ताटकळत राहिली. साखर उतरली. घाम फुटला, हात लटपटू लागले, दिवे धूसर दिसायला लागले. कशीबशी खुर्ची गाठून तिने पहिला घास तोंडात कोंबला. आपण पडलो कशा नाही, हे तिलाच कळलं नाही. पडदा पडल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "आज थरथर काय सुरेख आणलीस!"

तेव्हाच तिने ठरवलं. जिथे जेवायचं तिथेच इन्सुलिन घ्यायचं. आणि आपण जेवतो दुसऱ्या अंकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. भूमिका गेली तर गेली खड्ड्यात.

तिने पेनाची कळ फिरवली. टक, टक, टक. इतकी शांतता होती की तो आवाज मागच्या रांगांपर्यंत गेला असेल. तिने कुर्त्याची कड वर केली, पोटात सुई टोचली आणि बटण दाबून धरलं. घाई केली नाही. नजर सरळ नानांवर.

आता वाक्य नानांचं होतं. नाटकातले बाबा कुणासाठी थांबत नाहीत. 'या घरात जेवण कुणासाठी थांबत नाही,' हे ते नाटकभर बजावत असतात, आणि याही क्षणी तेच बजावायचं होतं. प्रॉम्प्टरने ते वाक्य दोनदा पुरवलं. दुसऱ्यांदा तर पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं असावं. धाकटी झालेली नटी आ वासून बघत राहिली.

नाना हातात चमचा घेऊन बसले होते. त्यांचा सगळा जन्म रंगमंचावर गेलेला. प्रेक्षक कुणाच्या बाजूने आहेत, हे त्यांना न बघता कळायचं. आत्ता सगळं थिएटर श्वास रोखून थोरलीकडे बघत होतं.

नानांनी चमचा खाली ठेवला.

"थांबा सगळे," ते खर्जात म्हणाले. "थोरलीचं होऊ दे."

टाळ्यांनी छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. थोरलीने सुई काढून डबीत टाकली, कुर्ता नीट केला आणि घास घेतला. भात अजून गरम होता.

प्रयोग संपल्यावर मेकअपच्या खोलीत हीऽऽ गर्दी. डब्यात डोकं घालणारेच आता अंगावर काटा आला म्हणून सांगत होते. दिग्दर्शकाला आनंद मावत नव्हता. "हे कायम ठेवायचं! प्रत्येक प्रयोगाला!" थोरली नुसती मान हलवत राहिली. कुणीही तिला भूक लागली आहे का, बरं वाटतंय का, असं विचारलं नाही.

गर्दी पांगली. नाना कापसाने चेहऱ्यावरचा रंग पुसत होते. आरशात बघतच ते तिच्याशी बोलले.

"एक सांगून ठेवतो. मघाशी ते बाबा बोलले, मी नाही. प्रयोगात काय करायचं ते कर. डब्याच्या वेळी मला ते अजूनही चालणार नाही."

थोरलीने पेन पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली.

"मग उद्यापासून डबा खायला बाबांनाच पाठवा, नाना. तुम्हाला बाथरूम मोकळं आहे."