भरल्या पोटी

प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी धोंडिरामची बदली हरणांकडे केली आणि त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली वाघीण जालिंदरच्या हाती गेली. तेव्हापासून धोंडिरामच्या पोटात दुखत होतं. रोज संध्याकाळी जालिंदर नुसतं "मैने, चल गं बाय" म्हणायचा आणि ती मोकळ्या आवारातून मुकाट रात्रीच्या पिंजऱ्यात शिरायची.

"लई फुगू नकोस," धोंडिराम म्हणाला. "आत मटण ठेवलेलं असतं म्हणून येते ती. तुझं थोबाड बघायला नाही."

"असंल की, दादा," जालिंदर हसला. त्या हसण्यानं आगीत तेलच पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आसपास कुणी नाही असं बघून धोंडिरामनं घरून आणलेल्या कोंबड्या भिंतीवरून आत टाकल्या. मैनेनं पिसांसकट फस्त केल्या. पोट भरलेलं जनावर आत येत नाही, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक. आता जालिंदर हाका मारून घसा फोडणार, साहेब तापणार आणि झक मारत धोंडिरामला बोलावणार.

संध्याकाळी तो मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिला.

"मैने, चल गं बाय."

मैना जडपणे उठली आणि डुलत डुलत आत आली. मटणाला तिनं तोंडही लावलं नाही. जालिंदर उभा होता, तिथल्या गजांवर गाल घासत राहिली.

"भूक नव्हती तर आलीस कशाला गं?" जालिंदरनं लाडानं विचारलं.

धोंडिरामनं हळूच हाक मारली, "मैने."

तिचा एक कान हलला. मान काही वळली नाही.