एकशे त्रेचाळिसावा मेळ

रविवार, ९ मार्च २०२५. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. एकशे त्रेचाळिसावा मेळ अडला.

अप्पांनी चष्मा पुसून संगणकाचा पडदा पुन्हा वाचला. अडतीस फायलींत तंटा होता. सदतीस फायली त्यांनी पाऊण तासात निस्तरल्या. अडतिसावी आवाजाची होती आणि तिला बसायला नव्या रचनेत जागाच उरली नव्हती.

शेजारच्या खोलीत माई खिडकीशी बसल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेत त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले. तेव्हा मुलाने त्यांच्यासाठी एक बोलका फलक रचला. त्यावर शब्द दाबायचे आणि फलकाने ते उच्चारायचे. त्यासाठी साडेचार हजार शब्द त्याने स्वतः वाचून ध्वनिमुद्रित केले. ‘उद्या’ या शब्दाच्या शेवटी त्याची खुर्ची करकरलेली ऐकू येई. पहिल्याच दिवशी माईंनी त्याच्या आवाजात नवऱ्याला ऐकवले होते, “अहो, दोन महिने फार बोललात. आता माझी पाळी.” तिघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

फलकाचा आराखडा मुलाने सर्वांसाठी खुला ठेवला. मदतीला परगावची माणसे जमली. तीन वर्षांनी, मे महिन्यातल्या एका दुपारी, कामावरून परतताना मुलगा अपघातात गेला. जूनमध्ये त्या चमूने त्याचा आवाज काढून एका अनोळखी बाईचा आवाज बसवला. अप्पांनी त्याच दिवशी मूळ प्रकल्पाची स्वतंत्र प्रत काढली. या क्षेत्रात तिला फोर्क म्हणतात. फोर्क एकदा काढून भागत नाही. मूळ प्रकल्पात रोज दुरुस्त्या होतात, त्या आपल्या प्रतीत आणल्या नाहीत तर ती वर्षभरात निकामी होते. म्हणून दर रविवारी दोन्हींचा मेळ; जी फाइल दोन्हीकडे वेगळी, तिथे तंटा. आवाजाची फाइल आली की संगणक विचारी, आपले ठेवायचे की त्यांचे घ्यायचे? अप्पा ‘आपले’ निवडत. एकशे बेचाळीस वेळा त्यांनी ‘आपले’ निवडले होते.

माई दिवसाला किती शब्द बोलतात, याचीही ते वहीत नोंद ठेवत. पूर्वी चारशे, साडेचारशे. मग शंभर. मग तीस. अप्पांनी पडद्याचा स्पर्श तपासला, बॅटरी बदलली, दोनदा फलकच नवा आणला. डॉक्टरांनी माईंची बोटे तपासून ठणठणीत असल्याचे सांगितले. कालची नोंद अकरा होती.

त्यांनी चमूच्या प्रमुख मुलीला फोन लावला. ती मुलाच्या बरोबरीने काम केलेली.

“बोला काका. रविवारी तुमचा फोन नाही आला तर घड्याळ बंद पडलं असं समजते मी.”

“जुना आवाज कुठे बसवू? त्याची जागाच काढून टाकलीत तुम्ही.”

“आता नाही बसायचा तो. तुमचा फोर्क म्हणजे रुसलेला जावई आहे, काका. दर आठवड्याला येतो, पोटभर जेवतो, आणि एका पदार्थावरून ताट सारतो.”

“तो पदार्थ नको आहे आम्हाला.”

“बदल का केला होता, ते वाचलंत कधी?”

“नाकारायचंच आहे, तर वाचून काय करू?”

ती हळू आवाजात म्हणाली, “आज वाचा, काका. मी सांगू शकत नाही. शब्द दिलाय.”

अप्पांनी फोन ठेवला. कारण वाचल्याशिवाय दुरुस्ती नाकारू नका, असे तंत्रनिकेतनात त्यांनी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. त्यांनी तो जुना बदल उघडला. त्याच्या तळाशी, ज्या विनंतीवरून तो केला होता, ती जोडलेली होती. तारीख २ जून २०२२. खाली नाव नव्हते.

“मी हा फलक वापरते. कृपया आवाज बदलून द्यावा. हा माझ्या मुलाचा आवाज आहे. पाणी हवे, दिवा लावा, एवढे त्याच्या आवाजात सांगता येते. तो गेला, हे त्याच्याच आवाजात कसे सांगू? त्याच्याविषयी मला पुष्कळ बोलायचे आहे. आमच्या ह्यांना कळवू नये. त्यांना तेवढाच आधार उरला आहे.”

अप्पांनी ते दोनदा वाचले. मग मुलाच्या आवाजाच्या सगळ्या फायली त्यांनी वेगळ्या डिस्कवर उतरवल्या, मोजून पाहिल्या, साडेचार हजार पुऱ्या भरल्या, आणि डिस्क कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. खुर्चीवर परत बसायला त्यांना वेळ लागला. संगणक विचारतच होता. त्यांनी ‘त्यांचे’ निवडले.

नवी प्रत चढवलेला फलक घेऊन ते खिडकीशी गेले आणि माईंच्या मांडीवर ठेवला. “अगं, बोल,” म्हणाले.

माईंनी एक शब्द दाबला. “अहो.” आवाज परक्या बाईचा होता. त्या दचकल्या. बराच वेळ त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. मग त्यांची बोटे पुन्हा फलकावर गेली.

“तो गेला हो.”

त्या घरात हे वाक्य प्रथमच उच्चारले गेले. अप्पा जमिनीवर, त्यांच्या पायांशी बसले. बोटे थांबली नाहीत.

संध्याकाळी अप्पांनी वही उघडली. मूळ प्रकल्प आणि आपली प्रत यांतील फरक : शून्य. दिवसभरातील शब्द : दोन हजार एकशे सहा.