थ्रॉटलची तपासणी

"थ्रॉटल खरंच बिघडलंय का, तेवढंच सांग," अभिमन्यूने बायकोची इलेक्ट्रिक स्कूटर ईरप्पाच्या गॅरेजसमोर लावली. "रेश्मा म्हणते, रोज वाटेत बंद पडते, म्हणून घरी यायला उशीर होतो. मी सरळसोट विजापूर रोडनं चालवून बघितली. एकदाही बंद पडली नाही."

ईरप्पाने थ्रॉटलच्या वायरला मीटर लावून वेग वाढवायची मूठ हळूहळू पिळली. आकडा न अडखळता चढत गेला.

"म्हणजे खोटंच की!"

"थांबा की साहेब." ईरप्पाने मूठ तशीच धरून हँडल डावीकडे वळवलं. आकडा शून्यावर आला. हँडल सरळ केलं तरी तो शून्यच राहिला. "वायर आतनं तुटलीय. वळताना गाडी मरती, मग लवकर उठत न्हाय."

"आजच बदल," अभिमन्यू म्हणाला. "आणि मी तपासायला आलो होतो, हे तिला सांगू नको."

"वैनी परवाच येऊन गेल्या," ईरप्पा म्हणाला. "मी तवाच वायर बदलणार हुतो. त्याच म्हणल्या, ऱ्हाऊ दे. आमचे साहेब तपासायला येतील, त्यांना दिसू दे."