मशीन आलं

चाकणजवळच्या शेडमध्ये मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरच्या, टीव्हीच्या वायरी जाळून आठ बायका तांबं काढायच्या. धुरानं नफीसाला रक्ताची उलटी झाली, तेव्हा त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या अनुसयाबाई मालकाशी भांडल्या.

मालक म्हणाला, "मशीन घेतलं तर धूर बंद. तांबंही जास्त निघेल, वरचं प्लास्टिकही विकलं जाईल. पण त्याला पैसा कुठाय?"

अनुसयाबाईंनी बायकांना पटवलं, त्यांच्यातच काम करणाऱ्या आपल्या सुनेलाही. मशीनचा पैसा उभा राहावा म्हणून वर्षभर सगळ्याजणी रविवारीही फुकट राबल्या.

मशीन आलं. मालकानं नारळ अनुसयाबाईंच्याच हातून फोडून घेतला. मशीननं वायरी गिळल्या आणि एकीकडून लख्ख तांबं, दुसरीकडून प्लास्टिकचा भुगा पडू लागला. धूर नावालाही नव्हता. नफीसानं तर अनुसयाबाईंना मिठीच मारली.

पेढे वाटून झाल्यावर मालक म्हणाला, "बाई, याला दोघीच पुरतात. बाकीच्यांनी उद्यापासून यायचं नाही. कोणत्या दोघी ठेवायच्या ते तुम्हीच सांगा. तुमचं त्या ऐकतात."

सगळ्यांना घेऊन इथून निघून जाते, असं अनुसयाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मी," त्या म्हणाल्या, "आणि माझी सून."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या सुनेनं मान खाली घातली.

"बरं," मालक म्हणाला. "मग यांना फाटकापर्यंत सोडून या."

अनुसयाबाई पुढं झाल्या. बायका एकामागून एक बाहेर पडल्या. शेवटी नफीसा होती. ती खोकत खोकत वळली, काहीतरी बोलणार होती.

अनुसयाबाईंनी आतून कडी घातली.