मातीची पारख

आई गोड बोलायला लागली, तेव्हाच लेकीनं ओळखलं होतं, की काहीतरी बिनसलंय.

आजही तेच झालं. चाकावरून उतरवलेलं मडकं लेकीनं आईपुढे धरलं. मडक्याची मान अशी कलली होती, की आंधळ्यालाही कळावं. आईनं ते हातात फिरवून बघितलं आणि म्हणाली, "छान झालंय गं. चालेल."

आणि हीच ती आई, जिनं कडा जरा जाड राहिली म्हणून लेकीची सकाळभराची मेहनत परत चिखलात घातली होती! आता सगळं छान, सगळं चालेल. शिकवायचं मात्र सपाटून. सकाळी चाक, दुपारी भट्टी, संध्याकाळी गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं ते. जन्मभराची विद्या तिला महिन्या-दोन महिन्यांत लेकीच्या गळी उतरवायची होती. कशासाठी, ते दोघी जाणून होत्या आणि दोघी बोलत नव्हत्या. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. चार पावलं टाकली की तिला धाप लागायची. एचआयव्हीची गोळी ती वर्षानुवर्षं न चुकता घेत आली होती. आता त्या गोळीनंच हात टेकले, अशी तिची खात्री झाली होती.

दवाखान्यात तिनं तपासायला रक्त दिलं, शी दिली, पण निकाल आणायला जाईना. वाईट बातमी आणायला आपणच पाय कशाला झिजवायचे, म्हणाली. शेवटी मावशी गेली, आईची धाकटी बहीण.

मावशी अंगणात आली ती घामाघूम होऊन. आल्या आल्या मुद्द्याचं बोलेल तर ती मावशी कसली? आधी बसच्या गर्दीचं झालं, मग रांगेत मध्येच घुसलेल्या बाईचं, मग डॉक्टरीणबाईंच्या सारख्या घसरणाऱ्या चष्म्याचं. लेकीचे हात चिखलात तसेच थांबले. आई भिंतीला टेकून खाली जमिनीकडे बघत बसली होती.

"तुझी गोळी चोख काम करतेय," मावशी एकदाची म्हणाली. "तो विषाणू रक्तात शोधूनही सापडला नाही. तुला झालेत जंत."

"जंत?"

"जंतच. पोटभर. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, आपल्याकडे जंत निघाले."

मग तिनं ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. आई खाते ते जंत खातात, वर तिचं रक्तही आटवतात. ज्याला आधीच हे एक दुखणं आहे, त्यानं तर जंत अंगावर काढायचेच नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण उतारा होता, आणि तो मावशीच्या पिशवीत होता. आईनं तीन दिवस घ्यायच्या गोळ्या, घरातल्या बाकीच्यांसाठीही गोळ्या, रक्त वाढायचं औषध वेगळं. रोजची गोळी मात्र चालूच ठेवायची, आणि नंतर शी परत तपासून घ्यायची.

आईनं पिशवीतल्या गोळ्या काढून उलटसुलट करून बघितल्या. मग तिला हसू फुटलं. हसता हसता धाप लागली, आणि त्या धापेतच रडू आलं. पोरासोरांचं दुखणं ते, आणि त्यापायी ती आपली लेक बहिणीच्या पदरात टाकायच्या गोष्टी करून बसली होती! मावशीही डोळे पुसायला लागली. जंत झाले म्हणून एवढं हरखलेलं घर त्या गल्लीत दुसरं नसेल.

रडून झाल्यावर आईची नजर मडक्यावर गेली.

"ही काय मान आहे?" ती म्हणाली. "असलं मडकं कुणी फुकट दिलं तरी नेणार नाही. मोड ते."

लेकीनं दोन्ही हातांनी मडकं चेपून टाकलं. इतक्या आनंदानं तिनं आजवर काही मोडलं नव्हतं.

तळ्याकाठची नवी माती सकाळीच येऊन पडली होती. आता त्यातली घे, आईनं फर्मावलं. लेक ढिगापाशी गेली, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. मातीत खार असला की मडकं पुढं दगा देतं, आणि खार जिभेइतका पटकन कशालाच कळत नाही. आजी तसंच बघायची, आई तसंच बघत आली, आणि गेल्या महिन्यात आईनं लेकीलाही ते शिकवलं होतं.

"अगं, एक राहिलंच," मावशी सांगत होती. "बाईंनी विचारलं, त्या माती खातात का? मी म्हटलं, छे, आम्ही मातीची भांडी विकतो, माती खात नाही..."

ती बोलता बोलता थांबली. तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. लेकीची जीभ अजून बाहेरच होती.

"ते काही खाणं नव्हे," आई हळूच म्हणाली. "ती पारख असते."

पण तिचं तिलाच पटेना. पहाटे अर्धी वस्ती टमरेल घेऊन त्याच तळ्याकाठी जाते, हे काय तिला ठाऊक नव्हतं? ती भिंतीला धरून उठली, पाण्याचा तांब्या घेतला आणि धापा टाकत लेकीपाशी आली. तिला चुळांवर चुळा भरायला लावल्या. मग स्वतःच्या हातानं तिची बोटं नखांपर्यंत चोळून धुतली.

"मग खार कळायचा कसा?" लेकीनं तोंड पुसत विचारलं.

आईनं जरा आठवून बघितलं. दुसरीही एक रीत होती, पण इतक्या सावकाशीची की कुणी तिच्या वाटेला जात नसे. ओल्या मातीचा लाडू करायचा आणि सावलीत ठेवून द्यायचा. खार असला तर वाळल्यावर वर पांढरं फुटतं.

"पण त्याला आठ-आठ दिवस लागतील, आई."

"लागू देत," आई म्हणाली. "मला कुठं जायचंय?"